डाव्या खांद्यातला कापूस

टेलरबाईंच्या दुकानात आरसा मोठा होता आणि दया बिलकूल नव्हती. माप घेताना त्या तोंडावर सांगायच्या, "पोट आत ओढू नका हो, घरी गेल्यावर ते बाहेरच येणार आहे." कुणाचे दंड, कुणाची पाठ, कुणाचं बाळंतपणानंतर सुटलेलं अंग, काहीच त्यांच्या तडाख्यातून सुटायचं नाही. बायका तणतणत घरी जायच्या आणि पुढचं कापड घेऊन पुन्हा तिथेच यायच्या. कारण टेलरबाई तोंडाने जे जे उघडं करायच्या, ते शिवताना झाकून द्यायच्या. त्यांच्या हातचा कपडा अंगावर चढला की बाई आरशात दोनदा बघायची, आणि दुसऱ्यांदा बघताना तिला हसू यायचं.

दुकान मूळचं मास्तरांचं. टेलरबाई तरुणपणी तिथे काज-बटणं करायला लागल्या, मग मशीनवर बसल्या, मग कटिंगच्या टेबलापाशी उभ्या राहिल्या. मास्तरांना मूलबाळ नव्हतं. जाताना ते कात्री, आरसा आणि गिऱ्हाइकं त्यांच्या स्वाधीन करून गेले आणि एक ताकीद देऊन गेले. "गिऱ्हाइकाचं अंग आपल्या पोटात ठेवायचं. कुणाचा खांदा पडलाय, कुणाला कुठे भर घातलीय, हे नवऱ्यालासुद्धा सांगायचं नाही." टेलरबाई तोंडाळ खऱ्या, पण एकीचं गुपित दुसरीला त्यांनी कधी कळू दिलं नाही.

घर दुकानाच्या मागेच. पडदा सारला की स्वयंपाकघर. नवरा बेकरीत भट्टीवर काम करायचा, दुपारी येऊन झोपायचा आणि झोपेतही त्याच्या अंगाला पावाचा वास यायचा. नणंद त्यांच्याकडेच राहायची. हातशिलाई आणि हूक लावायचं काम तिचं, शिवाय न विचारता मत देण्याचंही. आणि मुलगी, चिमी.

चिमी जन्मली तेव्हा तिचा वरचा ओठ नाकापर्यंत दुभंगलेला होता. पाजलेलं दूध नाकातून बाहेर यायचं. टेलरबाई मांडीवर घेऊन चमच्याने थेंब थेंब पाजायच्या, आणि ते पोर घोटभर पिऊन दमून झोपायचं. ऑपरेशनचा खर्च ऐकून नवरा दवाखान्याच्या बाकावर बसला तो उठेचना. तेव्हा कुणीतरी सांगितलं, रंगाची कंपनी आहे ना, ती अशा मुलांचा सगळा खर्च करते.

कंपनीने खर्च केला हे खरं. डॉक्टरही हाताचा चांगला निघाला. टेलरबाईंनी पुढे टाके बघितले तेव्हा त्यांनाही मानावं लागलं. त्याबद्दल त्यांचं कधीच काही म्हणणं नव्हतं. म्हणणं होतं ते ऑपरेशनच्या आधल्या दिवसाबद्दल.

"उद्या सकाळी बाळाचा फोटो काढायचाय," असा निरोप आला होता. टेलरबाईंना वाटलं, दवाखान्याच्या कागदाला लावायला हवा असेल. फोटो म्हटल्यावर दुसरी कुणी असती तर नुसता फणी-पावडर करून गेली असती. पण ही शिवणारी बाई. रात्र जागून त्यांनी उरलेल्या मखमलीतून चिमीला झगा शिवला, गळ्याला बारीक चुण्या घातल्या. स्वतःसाठी मास्तरांकडून पहिल्यांदाच कापड मागून घेतलं आणि कॉलरचा निळा ड्रेस शिवला. मायलेकी अशा नटून दवाखान्यात गेल्या की दारावरच्या माणसाने त्यांना भेटायला आलेल्या पाहुण्याच समजलं.

आत कॅमेरावाला होता आणि कंपनीच्या मालकांची सून होती. तिला सगळे मॅडम म्हणत. मॅडम तेव्हा तरुण होत्या, आवाज मधाळ. त्यांनी मायलेकींकडे बघितलं आणि कॅमेरावाल्याला म्हणाल्या, "अहो, हे चालेल का? ह्या तर लग्नाला निघाल्यासारख्या दिसतायत."

चिमीचा मखमली झगा काढला. तिला नुसत्या लंगोटावर ठेवलं. तिचं नाक वाहत होतं, टेलरबाई पुसायला गेल्या, तर कॅमेरावाला म्हणाला, "राहू द्या, राहू द्या, पुसू नका." मग त्याने टेलरबाईंचे केस हाताने विसकटले. तरी त्याचं समाधान होईना. शेवटी त्याच्या मदतनिसाने छोट्या कात्रीने त्यांच्या बाहीची शिवण काखेपासून कोपरापर्यंत उसवली.

"दोनच मिनिटांचं काम आहे, मावशी," मॅडम गोड हसून म्हणाल्या. "नंतर शिवून घ्या ना."

पोरीचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं. त्या वेळी कुणी टेलरबाईंना डोक्यावर उभं राहायला सांगितलं असतं, तरी त्या राहिल्या असत्या. मॅडमनी चिमीला उचलून घेतलं, कॅमेऱ्याकडे तोंड केलं, चिमी रडायला लागली आणि फोटो निघाला. आईने पोरीला सावरायला हात पुढे केला होता. त्या फोटोत एका कडेला तेवढा हात आला, उसवलेल्या बाहीसकट. बाकीची आई कापली गेली.

तो फोटो कंपनीने रंगाच्या डब्यांवर छापला. वर लिहिलं, 'एक डबा, एक हसू'.

पोस्टर असतं तर उन्हापावसाने फाटलं असतं. पण रंगाचा डबा कुणी टाकतं का? भिंती रंगवून झाल्या की डबा घासून पुसून घरात येतो. कुणी त्यात पाणी भरतं, कुणी झाड लावतं, कुणी केरकचरा टाकतं. बघता बघता चिमीचा तो चेहरा गल्लीतल्या प्रत्येक घरात गेला. समोरच्या काकूंच्या खिडकीत चिमीच्या डोक्यातून झाड उगवलं होतं. चाळीच्या नळावर चिमी पाणी भरायला रांगेत असायची, स्वतः एक, आणि डब्यांवर बाकीच्या. सार्वजनिक संडासातसुद्धा तोच डबा. बेकरीत पिठाला पाणी घालायला तेच डबे होते. नवरा कामावर गेला की आधी सगळ्या डब्यांची तोंडं भिंतीकडे फिरवून ठेवायचा आणि मग भट्टी पेटवायचा.

टेलरबाई फिरवत बसायच्या नाहीत. त्या दगड घेऊन डबा खरवडायच्या. भर दुपारी, लोकांच्या दारात, लोकांचा डबा.

"अहो, आमचा डबा आहे तो!" काकू ओरडायच्या.

"चेहरा आमचा आहे," टेलरबाई म्हणायच्या आणि खरवडत राहायच्या.

चिमीला शाळेत मुलं 'डबा' म्हणायची. खोडी काढली की म्हणायची, "ए डबा, हस ना." ओठावर आता नुसती एक बारीक पांढरी रेघ उरली होती, बघणाऱ्याला सांगितल्याशिवाय दिसली नसती. पण सांगणारे ढीगभर होते. चिमी हसताना तोंडावर हात घ्यायला शिकली ती तेव्हाच.

आणि टेलरबाईंचं वेगळंच दुखणं. गिऱ्हाईक बायका कापड टाकायला यायच्या, बोलता बोलता म्हणायच्या, "त्या फोटोतली उसवलेली बाही तुमचीच ना हो?" शिवणाऱ्या बाईची बाही! नणंद त्यावर म्हणायची, "वहिनी, कंपनीने उपकार केले, पण उपकारांनी काही आपली पाठ सोडली नाही."

मास्तर गेल्यावर त्यांच्या जुन्या गिऱ्हाइकांची माणसं एकेक करून चौकशीला येऊ लागली. एक दिवस दारात लांब गाडी थांबली आणि उतरल्या त्या मॅडम. केस पिकलेले, पण आवाज तोच. टेलरबाईंच्या हातातली टेप तशीच राहिली. मॅडमनी त्यांना ओळखलं नाही. ओळखणार कशा? त्यांनी बघितला होता तो एक हात.

मास्तर इतकी वर्षं मॅडमचे कपडे शिवत होते हे टेलरबाईंना ठाऊक होतं, पण मास्तर एकटेच बंगल्यावर जाऊन माप घ्यायचे आणि त्या कपड्यांना कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. माप घेताना कारण कळलं. मॅडमचा डावा खांदा चांगलाच उतरता होता आणि त्याच बाजूचं पाठीचं हाड वर आलेलं होतं. जन्मापासूनच असावं. मास्तरांनी त्याच्यासाठी कापसाची एक जाड गादी बनवली होती, ती प्रत्येक कपड्याच्या डाव्या खांद्यात आतून बसवायची. पाठीचं कापडही तिरकं कापायचं, म्हणजे वर आलेलं हाड कळत नाही. त्या गादीच्या जोरावर मॅडम आयुष्यभर व्यासपीठांवर सरळ उभ्या राहिल्या होत्या. फोटोत तर ताठ काठीसारख्या.

"मास्तरांनी सांगितलं असेलच तुम्हाला," मॅडम हलक्या आवाजात म्हणाल्या.

"सगळं सांगितलंय," टेलरबाई बेधडक खोटं बोलल्या. आणि त्यांनी मॅडमचे कपडे शिवायला घेतले. नणंदेने हातातलं काम टाकलं. "तिचे कपडे? वहिनी, तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"वन्सं," टेलरबाई दोरा ओवत म्हणाल्या, "सापाचं बीळ कुठेय ते माहीत असलेलं बरं."

अशी काही वर्षं गेली. टेलरबाई कापूस भरत राहिल्या. चिमी शिकली आणि बालवर्गाची शिक्षिका झाली. तिला पोरं आवडायची, पोरांना ती. बालवर्गातल्या मुलांना डब्याची गोष्ट माहीत नव्हती, कारण एव्हाना कंपनीने डब्यांवरचं चित्र बदललं होतं. त्या मुलांसमोर चिमी तोंडावर हात न घेता हसायची. टेलरबाई एकदा शाळेच्या खिडकीतून ते बघून आल्या होत्या. घरी येऊन त्यांनी नवऱ्याला झोपेतून उठवून सांगितलं, आणि तो उठून बसला.

मग शाळेला बालवर्गासाठी नवी खोली मिळाली. देणारी रंगाची कंपनी.

चिमी संध्याकाळी घरी आली ती सरळ स्वयंपाकघरात जाऊन बसली.

"काय गं?"

"नव्या खोलीत भिंतभर फोटो लावणार आहेत. माझा. तो जुना, आणि शेजारी एक नवा. तेव्हा आणि आता. कार्यक्रमाच्या दिवशी मॅडम पडदा उघडणार आणि मला व्यासपीठावर बोलावणार. नवा फोटोही तिथेच काढणार, मॅडमबरोबर. मग तोच परत डब्यांवर." ती हे सगळं भाजीच्या टोपलीकडे बघत बोलत होती.

"तू नाही म्हणालीस ना?"

"मोठ्या बाईंना इतका आनंद झालाय, आई. म्हणाल्या, आपल्याच शाळेत ही मुलगी, केवढा योग! माझी नोकरी अजून कच्ची आहे." मग जरा थांबून म्हणाली, "पोरं रोज त्या भिंतीसमोर बसणार. मी नाही शिकवू शकत त्या भिंतीसमोर. मी सोडते ही नोकरी."

"सोडशील बरी," टेलरबाई म्हणाल्या. "भिंत सुटेल, तू नाही."

दुसऱ्या दिवशी त्या कंपनीच्या कचेरीत गेल्या. समाजकार्याच्या विभागात गळ्यात ओळखपत्र घातलेला एक तरुण साहेब होता. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि सगळं ऐकून घेतलं.

"काकू, तुमच्या मुलीच्या एका फोटोमुळे किती मुलांची ऑपरेशनं झाली, माहितीये?"

"चांगलं झालं की. मग त्यातल्या एखाद्याचा फोटो लावा."

"बघितले ना सगळे. पण ह्याच्याइतका चांगला एकही नाही आला." तो अगदी मनापासून बोलत होता. "ते रडणं, ते नाक, तो कडेचा फाटका हात… लोकांचं काळीज हलतं हो."

"तो हात माझा आहे."

साहेबाने त्यांच्या हाताकडे बघितलं. "खरंच? मग तुम्हीपण या ना कार्यक्रमाला! मी मॅडमना सांगतो."

"मॅडमना काही सांगू नका," टेलरबाई उठत म्हणाल्या. "त्यांच्याशी मीच बोलेन."

मॅडम त्याच आठवड्यात त्या कार्यक्रमाचा ड्रेस शिवायला आल्या. कापड टेलरबाईंनी निवडून दिलं. फिकट रंगाचं, गुळगुळीत, अंगाबरोबर पडणारं. "आणि छातीवरून अशी आडवी गडद पट्टी घेऊ. ह्या वयात खुलून दिसते." मॅडमना ते पटलं. ट्रायलला त्या आरशासमोर उभ्या होत्या, अंगभर टाचण्या, डाव्या खांद्यात कापूस. पट्टी एका रेषेत, कशी सरळ.

टेलरबाईंनी तोंडातल्या टाचण्या काढून हातात घेतल्या. एक संधी द्यायची असं त्यांनी ठरवलं होतं. दिली नाही असं नंतर कुणी म्हणायला नको.

"मॅडम, त्या मुलीचा फोटो लावणार म्हणे शाळेत. तिला विचारलंत का?"

"कोणत्या? हां, ती! अहो, तिला अभिमानच वाटेल."

"नाही वाटला तर? पोरीच्या जातीला वाटतं, आपलं जुनं झाकलेलं राहावं."

मॅडम हसल्या. आरशातून त्यांच्याकडे बघत म्हणाल्या, "लपवण्यासारखं काय आहे त्यात? जसं होतं तसं होतं. माणसाने धीट असावं, नाही का?"

हे म्हणताना त्यांचा उजवा हात सवयीने डाव्या खांद्यावर गेला आणि गादी जागेवर आहे ना हे चाचपून परत आला.

"खरंय," टेलरबाई म्हणाल्या. "लपवण्यासारखं काहीच नाही."

मॅडमची गाडी वळली तशी त्यांनी खांद्याची शिवण उसवली आणि गादी बाहेर काढली. पाठीचं तिरकं कापलेलं कापड बाजूला टाकून नवं सरळ कापलं. माप अचूक होतं, टाके नेहमीइतकेच बारीक. एक टाका कमी घातला नाही की जास्त नाही. नणंद हूक घ्यायला आली आणि ड्रेस बघून थबकली.

"वहिनी, मास्तर काय म्हणाले असते?"

"मास्तरांना पोर नव्हती."

नणंद मग खाली बसली आणि हूक लावायला लागली. "घट्ट लावते," ती म्हणाली. "मध्येच काढून टाकता यायला नको."

आता प्रश्न एवढाच होता की ड्रेस आधी दिला तर मॅडम घरी घालून बघणार. त्यावर टेलरबाईंनी जो उपाय केला, तो जगातल्या कुठल्याही टेलरने केला असता तर कुणाला संशय आला नसता. त्यांनी उशीर केला. ड्रायव्हर आला, "अजून काज व्हायचेत." पुन्हा आला, "इस्त्री राहिलीय." मॅडमचा फोन आला. टेलरबाईंनी कधी नव्हे तो गयावया करणारा आवाज काढला, "मी स्वतः शाळेत घेऊन येते मॅडम, तिथेच अंगावर चढवून देते." मॅडम चिडल्या, पण टेलर म्हटलं की उशीर आलाच. शिवाय त्या दिवशी त्या दुसऱ्या गावचा कार्यक्रम उरकून थेट शाळेतच यायच्या होत्या.

बालवर्गाच्या खोलीला लागून मुलांची हात धुवायची जागा होती. तिथे मॅडमनी कपडे बदलले. आरसा होता, पण मुलांच्या उंचीला लावलेला. त्यात मॅडमचा कमरेखालचाच भाग दिसत होता. टेलरबाईंनी मागून एकेक हूक लावले. बाहेर माइकवर मोठ्या बाई "आपल्या लाडक्या मॅडम" म्हणत होत्या.

"खांदा जरा हलका लागतोय," मॅडम म्हणाल्या.

"नव्या पद्धतीने बसवलंय."

"बरं दिसतंय ना?"

"जशा आहात तशा दिसताय," टेलरबाई म्हणाल्या आणि त्यांनी दार उघडलं.

व्यासपीठावर लख्ख दिवे होते. मॅडम मध्यभागी जाऊन उभ्या राहिल्या आणि ती गडद पट्टी छातीवरून अशी उतरत गेली, जशी भिंतीवर कुणी तसबीर वाकडी टांगावी. फिकट कापडाखाली पाठीचं हाड उठून दिसत होतं. पहिल्या रांगेतल्या साहेब लोकांनी एकमेकांकडे बघितलं आणि पटकन आपापल्या बुटांकडे. मॅडमना काहीच कळलं नाही. त्यांनी दोरी ओढली, पडदा सरकला.

भिंतभर चिमी. रडणारी, वाहत्या नाकाची. कडेला हात.

चिमीला पुढे बोलावलं. ती गेली. तोंडावर हात होता. बालवर्गातली पोरं टाळ्या वाजवायचं सोडून भिंतीकडे बघत होती. शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून उभ्या असलेल्या टेलरबाईंनी ते सगळं बघितलं, एकही गोष्ट न सोडता. आपल्याला हे थांबवता आलं नाही, भिंत उघडी पडायची ती पडलीच, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी दात आवळले.

"आता दोघींचा फोटो," कॅमेरावाला म्हणाला. मॅडमनी चिमीच्या खांद्यावर हात ठेवला. "मॅडम, जरा सरळ… अजून सरळ… डावा खांदा थोडा वर घ्या. नाही, तुमचा डावा, मॅडम. तुमचा." तो बिचारा कॅमेऱ्यातून बघत होता, त्याला वाटलं, त्या वाकून उभ्या आहेत. "पाठ ताठ. हां. अजून. मॅडम, होत नाहीये का?"

मॅडमचा उजवा हात सवयीने डाव्या खांद्यावर गेला. तिथे नुसतं हाड होतं. हात तिथेच राहिला. त्यांनी सगळ्या रांगांवरून नजर फिरवली, अगदी शेवटपर्यंत, आणि त्यांना टेलरबाई दिसल्या.

टेलरबाईंनी नजर खाली घेतली नाही. तेवढ्यात फोटो निघाला.

तो छान आला होता. सगळीकडे गेला. वर्तमानपत्रात, कंपनीच्या कचेरीत, ह्याच्या त्याच्या फोनवर. समाजकार्याच्या साहेबाला तर तो फारच आवडला. तो म्हणाला, ह्यात आता खरेपणा आलाय. तेव्हा आणि आता, दोन्ही एकत्र जोडून डब्याचा नमुनाही त्याने छापून मॅडमच्या टेबलावर ठेवला.

मॅडम दुकानात आल्या त्या ड्रायव्हरला गाडीतच बसवून. खांद्यावर मोठी शाल होती. टेलरबाई मशीन थांबवायला तयार नव्हत्या.

"हे तुम्ही मुद्दाम केलंत."

"मापाप्रमाणे शिवलंय. एक बोट इकडेतिकडे नाही."

"का? मी तुमचं काय वाईट केलं?"

टेलरबाईंनी चाकावर हात ठेवून मशीन थांबवलं. "त्या फोटोत कडेला एक हात आहे. उसवलेल्या बाहीचा. तुम्ही म्हणाला होतात, नंतर शिवून घ्या."

ओळख पटायला मॅडमना आधी हाताकडे बघावं लागलं, मग चेहऱ्याकडे. "ती मुलगी तुमची?"

"माझी. तिला शाळेत डबा म्हणायचे."

"आम्ही तिचं चांगलंच केलं होतं," मॅडमचा आवाज चिरकला. "तुम्हाला हे बोलून सांगता आलं असतं. हा विश्वासघात आहे. मी माझं अंग तुमच्या हवाली केलं होतं!"

"मी माझी पोर तुमच्या हवाली केली होती."

मॅडमनी शाल ओढून घेतली. "तो फोटो डब्यांवर जातोय. देशभर. लोक… लोक रोज बघतील मला."

"मग? लपवण्यासारखं काय आहे त्यात?"

पडद्यामागून नणंदेच्या हातातली वाटी खाली पडल्याचा आवाज आला. मॅडम उभ्या होत्या. त्यांची नजर कटिंगच्या टेबलावर गेली. तिथे कापसाची एक जाड गादी होती, मास्तरांच्या हातची, आणि तिच्यात टोकापासून टोकापर्यंत टाचण्या खुपसलेल्या होत्या. टेलरबाईंनी त्यातली एक उपसून तोंडात धरली आणि मशीन पुन्हा चालू केलं.

नवे डबे बाजारात आलेच नाहीत. जुना फोटो आणि नवा फोटो एकमेकांना जोडलेले होते. एक काढायचा तर दोन्ही काढावे लागणार होते, आणि मॅडमनी दोन्ही काढायला लावले. कारण काय सांगितलं कुणास ठाऊक. समाजकार्याच्या साहेबाला म्हणे मोठं आश्चर्य वाटलं. शाळेत दोन माणसं शिडी घेऊन आली आणि ती भिंत कंपनीच्याच रंगाने रंगवून गेली. पिवळी. दोन हात दिले तरी काही दिवस खालून एक सावली दिसत होती, मग तिसरा दिला.

चिमी संध्याकाळी घरी आली. चप्पल काढून दुकानातच उभी राहिली.

"पोरं विचारत होती, ते बाळ कुठे गेलं."

"तू काय सांगितलंस?"

"मोठं झालं म्हणून सांगितलं." मग ती टेबलावरच्या गादीकडे बघत म्हणाली, "आई, त्या दिवशी तिचा हात माझ्या खांद्यावर होता. बोटं रुतत होती. तू तिचं तेच केलंस, जे तिने माझं केलं."

"अगदी तेच," टेलरबाई म्हणाल्या. "त्याच मापाचं."

"मला नाही आवडलं."

"नको आवडू दे. नोकरी सोडतेयस का?"

चिमी आत गेली. जरा वेळाने स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला, उद्या बालवर्गासाठी चिंध्यांच्या बाहुल्या करायच्यात, कापडाचे तुकडे काढून ठेव. टेलरबाई उठल्या आणि तुकड्यांची पिशवी उपसायला लागल्या. तळाशी फिकट, गुळगुळीत कापडाचा एक मोठा तुकडा होता, पाठीचा, तिरका कापलेला. तो त्यांनी वेगळा काढला, दोन्ही हातांनी ताणून बघितला आणि सगळ्यांच्या वर ठेवला.

"हा घे," त्या आत ओरडून म्हणाल्या, "ह्याच्या चांगल्या बाहुल्या होतील."